गंजणारा देह: एका उपमेचा आणि तिच्या गोळ्यांचा इतिहास



आजच्या विषयाची सुरुवात माझ्या कपाटातल्या एका बाटलीपासून करतो. मी निवृत्त झालो त्या वर्षी मुलगी अमेरिकेहून आली. तिच्या सामानात चॉकलेटं होती, बदाम होते आणि माझ्यासाठी ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची एक मोठी बाटली होती. पिवळसर, पारदर्शक, मऊ गोळ्या, प्रत्येकी ४०० युनिटच्या. ‘बाबा, रोज एक घ्या, अँटिऑक्सिडंट आहे, वय लांबतं.’ मी घ्यायला लागलो, आणि सात-आठ वर्षं घेतल्या. बाटली संपत आली की कुणी ना कुणी तिकडून येतच असायचं. तुमच्यापैकी काही जण हसताय, म्हणजे तुमच्याही घरी ती बाटली आहे.

आता यात माझी फजिती अशी, की मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. अनुमान कसं करावं, हेतू खोटा कधी ठरतो, कार्यकारणभाव कशाला म्हणावं, हे वर्षानुवर्षं वर्गात फळ्यावर लिहिलं. आणि ही गोळी कशाच्या आधारावर घेतोय, हे स्वतःला एकदाही विचारलं नाही. पुढे एका डॉक्टर मित्राने विचारलं, तेव्हा उत्तर देता येईना. मग वाचायला बसलो. त्या वाचनातून हे व्याख्यान तयार झालं. मी वैद्यकाचा माणूस नाही. एक कल्पना जन्माला कशी येते, मोठी कशी होते आणि तिची परीक्षा कशी होते, तेवढं मी सांगू शकतो.

गोष्ट जुनी आहे. जोसेफ प्रीस्टली हा इंग्लंडमधला धर्मोपदेशक. १७७४ साली त्याने एक नवी हवा वेगळी काढली, जिला आपण आज ऑक्सिजन म्हणतो. त्या हवेत मेणबत्ती भडकून जळायची आणि कोंडलेला उंदीर साध्या हवेतल्यापेक्षा जास्त वेळ जगायचा. प्रीस्टलीने ती स्वतः हुंगून पाहिली आणि त्याला छाती हलकी झाल्यासारखं वाटलं. पण १७७५ साली हे प्रयोग छापताना त्याने एक शंका नोंदवून ठेवली. या हवेत मेणबत्ती लवकर जळून संपते, तसं आपलंही आयुष्य भराभर जळून संपणार नाही ना? आजाऱ्याला ही हवा उपकारक असेल, पण निरोगी माणसाला निसर्गाने दिलेली साधी हवाच बरी, असा त्याचा सूर होता. ऑक्सिजन नुकता कुठे सापडला होता, आणि ज्याच्यावर आपण जगतो तेच आपल्याला संपवतं ही कल्पना आलीसुद्धा!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत माक्स रुबनर याने प्राण्यांची ऊर्जा आणि आयुष्य यांचा हिशेब मांडला. १९२८ साली अमेरिकेत रेमंड पर्ल याने त्यावर पुस्तक लिहिलं. जो भरभर जळतो तो लवकर विझतो, असा त्याचा सारांश. पण जळणं म्हणजे नेमकं काय, हे दोघांनाही सांगता आलं नव्हतं.

ते सांगितलं डेनहॅम हार्मन या माणसाने. हार्मन मुळात रसायनशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियात शेल या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता आणि त्याचं काम होतं मुक्त मूलकांवर. मुक्त मूलक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रेणूमधले इलेक्ट्रॉन साधारणपणे जोडीजोडीने राहतात. एखाद्या रेणूत एक इलेक्ट्रॉन एकटा उरला, की तो रेणू बहुधा स्वस्थ बसत नाही. शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग शेजारी एकटा पडतो, तो त्याच्या शेजाऱ्याकडून ओढतो, आणि अशी साखळी सुरू होते. डब्यातलं तेल फार दिवस राहिलं की खवट होतं, ते या साखळीमुळे. रबराला तडे जातात, त्यातही हाच प्रकार असतो. ही साखळी मध्येच तोडणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. लक्षात घ्या, हा शब्द स्वयंपाकघरात किंवा दवाखान्यात येण्याआधी तेलाच्या आणि रबराच्या कारखान्यांमध्ये नांदत होता.

१९४५ च्या डिसेंबरमध्ये हार्मनच्या पत्नीने त्याला बायकांच्या एका मासिकातला लेख दाखवला. उद्याचा माणूस अधिक तरुण राहील, असा त्याचा विषय होता. लेखक होता विल्यम लॉरेन्स, न्यूयॉर्क टाइम्सचा विज्ञान वार्ताहर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नागासाकीवर बॉम्ब पडताना विमानातून पाहणारा वार्ताहर तो हाच. हा योगायोग मला विसरता येत नाही, कारण हार्मनच्या कल्पनेत अणुयुग पुरतं भरलेलं आहे.

तो लेख हार्मनच्या डोक्यात बसला. चांगली नोकरी सोडून तो स्टॅनफर्डला वैद्यकाच्या पहिल्या वर्गात जाऊन बसला. १९५४ साली पदवी घेतल्यावर बर्कलीच्या डॉनर प्रयोगशाळेत त्याला जागा मिळाली आणि विचार करायला भरपूर वेळही मिळाला. सगळे प्राणी म्हातारे होतात, तर त्यामागे एकच कारण असलं पाहिजे, असं त्याचं गृहीतक. चार महिने काही सुचलं नाही. नोव्हेंबर १९५४ मध्ये एकदम सुचलं. किरणोत्सर्गाने शरीरातल्या पाण्यातून मुक्त मूलकं तयार होतात आणि त्यांनी होणारं नुकसान पुष्कळसं म्हातारपणासारखं दिसतं. मग रोजच्या श्वासातून, रोजच्या अन्नाच्या जळण्यातून हीच मूलकं थोडी थोडी तयार होत असतील तर? आयुष्यभर सावकाश चाललेला किरणोत्सर्ग म्हणजेच वार्धक्य! १९५६ साली हा निबंध वार्धक्यशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. मोजकी पानं आहेत.

इथे एका बाईचं नाव घेतलं पाहिजे, कारण ते सहसा घेतलं जात नाही. रेबेका गेर्शमन, अर्जेंटिनाची. तिने १९५४ सालीच दाखवलं होतं, की जास्त ऑक्सिजनमुळे होणारी विषबाधा आणि क्ष-किरणांनी होणारी इजा यांच्यामागे एकच यंत्रणा आहे. हार्मनचं पाऊल त्याच्या पुढचं असलं, तरी तो उभा होता त्याच दगडावर.

सुरुवातीला हार्मनकडे फार कुणी लक्ष दिलं नाही. जिवंत शरीरात असल्या दांडग्या रेणूंचं काय काम, असं लोकांना वाटे. १९६९ साली चित्र पालटलं. ड्यूक विद्यापीठातल्या जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवलं, की रक्तातलं एक तांबंयुक्त प्रथिन सुपरऑक्साइड या मुक्त मूलकाला निकामी करतं. ते प्रथिन १९३८ पासून माहीत होतं, पण त्याचं काम काय ते कळलं नव्हतं. ऑक्सिजनवर जगणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जिवात असला पहारेकरी आहे. पहारेकरी आहे, तर चोरही असणारच! १९८५ साली हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञाने ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ हे नाव रूढ केलं. ऑक्सिडीकरण करणारे आणि त्यांना आवरणारे यांचा तोल पहिल्यांच्या बाजूला झुकणं, असा त्याचा अर्थ. व्याख्या तोलाची होती, हे ध्यानात ठेवा.

लोकांपर्यंत मात्र तोल पोचला नाही, गंज पोचला. खिडकीचा गज जसा गंजतो तसं शरीर आतून गंजतं, आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे त्यावरचा रंगाचा हात. डॉक्टर हे सांगायचे, मासिकं सांगायची, आपणही एकमेकांना सांगायचो. उपमा फार चांगली होती, आणि चांगल्या उपमेची भीती बाळगावी, असं माझं मत आहे. गज स्वतःची दुरुस्ती करत नाही. शरीर अहोरात्र करत असतं. आणि गजाला गंजाचा काही उपयोग नसतो. शरीराला आहे. त्याकडे नंतर येतो.

मधल्या काळात दुसरीकडून पुरावा जमत होता. जे लोक फळं-भाज्या भरपूर खातात, त्यांना कॅन्सर आणि हृदयविकार कमी होतो, असं अनेक देशांच्या पाहण्यांत दिसलं. रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी. बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजराला, लाल भोपळ्याला केशरी रंग देणारं द्रव्य. हिरव्या पालेभाज्यांतही ते असतं, पण हिरव्या रंगाखाली दिसत नाही. १९८१ साली रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये निबंध लिहिला. त्याचं शीर्षक प्रश्नार्थक होतं: आहारातल्या बीटा-कॅरोटीनने कॅन्सर खरंच कमी होऊ शकेल का? डॉल म्हणजे सिगारेट आणि कॅन्सरचा संबंध सिद्ध करणाऱ्यांतला एक. या मंडळींनी गोळ्या वाटा असं म्हटलं नाही. आधी नीट चाचणी घ्या, असं म्हटलं. पण निबंधाखालचं प्रश्नचिन्ह दुकानातल्या बाटलीवर कोण छापणार?

त्यात लायनस पॉलिंग. एक नोबेल रसायनशास्त्राचं आणि दुसरं शांततेचं मिळवलेला माणूस. १९७० साली त्याने क जीवनसत्त्व आणि सर्दी यावर पुस्तक लिहिलं आणि स्वतः रोज कित्येक ग्रॅम क जीवनसत्त्व घ्यायला लागला. नंतर त्याने ते कॅन्सरवरही सांगितलं. मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ साली चाचण्या प्रसिद्ध केल्या, त्यांत फायदा दिसला नाही. पण ऐकतो कोण! आप्तवाक्य प्रमाण मानायचं तर आप्त कुणाला म्हणावं, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. एका क्षेत्रातला ऋषी दुसऱ्या क्षेत्रात आप्त ठरत नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. न्यायशास्त्रातलं धूर आणि आगीचं उदाहरण तुम्ही ऐकलेलं असेल. डोंगरावर धूर दिसला की आग आहे असं म्हणता येतं. हे अनुमान बरोबर. पण उलट म्हणता येतं का, आग आहे म्हणजे धूर असणारच? नाही. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद गोळा घ्या. आग आहे, धूर नाही. आगीबरोबर धूर येतो तो ओलं सरपण असेल तेव्हा. नैयायिक या ओल्या सरपणाला ‘उपाधी’ म्हणतात. दोन गोष्टी बरोबर दिसतात म्हणून एक दुसरीचं कारण असं आपण समजतो, आणि खरा धागा तिसऱ्याच गोष्टीत असतो. ती तिसरी गोष्ट नजरेआड राहते, म्हणून अनुमान फसतं.

गाजर खाणारा माणूस कसा असतो ते पाहा. तो बहुधा सिगारेट कमी ओढतो, फिरायला जातो, त्याच्या हातात दोन पैसे असतात, घरी भाजी निवडून-चिरून देणारं कुणी असतं. त्याच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त सापडतं. मग त्याला कॅन्सर कमी होतो तो त्या द्रव्यामुळे, की या सगळ्या सरपणामुळे? गणिताने याचा थोडाफार निचरा करता येतो. पण जी उपाधी आपल्याला सुचलीच नाही, तिचा निचरा कसा करणार?

त्यावर एकच खात्रीचा उपाय आहे. लोकांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण द्रव्य नसलेली. कुणाला कोणती मिळाली, हे घेणाऱ्याला माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. चिठ्ठीला गाजर, पगार, फिरणं काही कळत नाही, म्हणून माहीत नसलेल्या उपाधीसुद्धा दोन्हीकडे सारख्या वाटल्या जातात.

फिनलंडने हे केलं. तिथल्या पुरुषांत धूम्रपान जास्त, फुप्फुसाचा कॅन्सरही जास्त. १९८५ पासून त्यांनी नैर्ऋत्य फिनलंडमधले २९,१३३ पुरुष निवडले. सगळे ५० ते ६९ वयाचे, सगळे सिगारेट ओढणारे, सरासरी रोज २० आणि तीही ३६ वर्षं. आपल्याच वयाची ही मंडळी. काहींना ई जीवनसत्त्व, काहींना २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही. पाच ते आठ वर्षं ही माणसं रोज गोळी गिळत राहिली.

एप्रिल १९९४ मध्ये निष्कर्ष छापून आले. ई जीवनसत्त्वाने फुप्फुसाचा कॅन्सर कमी झाला नाही. आणि बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी वाढला. एकूण मृत्यूही ८ टक्क्यांनी जास्त.

ज्यांना वाचवायचं म्हणून गोळी दिली, त्यांच्यात आजार वाढला. चाचणी करणाऱ्यांचाही यावर चटकन विश्वास बसला नाही, आणि हा योगायोग असेल का याची चर्चा झाली. पण त्या निबंधातली एक छोटी नोंद मला सगळ्यात बोलकी वाटते. चाचणी सुरू होताना सगळ्यांचा आहार विचारला होता आणि रक्त तपासून ठेवलं होतं. ज्यांना खरी गोळी मिळालीच नाही, त्या गटात पाहिलं तर ज्यांच्या आहारात आणि रक्तात मुळातच बीटा-कॅरोटीन जास्त होतं, त्यांना कॅन्सर कमी झाला होता! म्हणजे तोच देश, तीच माणसं, तेच द्रव्य. जेवणातून आलेलं असेल तिथे धोका कमी दिसतो, गोळीतून घातलं तर वाढतो. उपाधी म्हणजे काय हे मी इतकी वर्षं लोहाराच्या गोळ्याने समजावत होतो. हे उदाहरण आधी माहीत असतं, तर विद्यार्थ्यांचे पुष्कळ कष्ट वाचले असते.

अमेरिकेत तेव्हा तशीच दुसरी चाचणी चालू होती. १८,३१४ माणसं, सिगारेट ओढणारी, ओढून सोडलेली किंवा अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेली. त्यांना बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व एकत्र दिलं होतं. जानेवारी १९९६ मध्ये ती ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवावी लागली. फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त. योगायोगाची शक्यता तिथे संपली. अमेरिकेतल्या २२,०७१ डॉक्टरांनी १२ वर्षं स्वतःवर केलेल्या चाचणीचा निकालही त्याच सुमारास आला. त्यांच्यात सिगारेट ओढणारे थोडे होते. त्यांना ना फायदा झाला, ना तोटा. फिनलंडमध्ये गोळ्या थांबल्यावर काही वर्षांनी वाढलेला धोका मावळला, हे त्यातल्या त्यात बरं.

असं का झालं? सिगारेटच्या धुराने भरलेल्या, ऑक्सिजनने भरलेल्या फुप्फुसात एवढं बीटा-कॅरोटीन गेलं, की ते स्वतःच मोडतं आणि त्याचे तुकडे उलटं काम करायला लागतात, असं एक स्पष्टीकरण आहे. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर १९९९ मध्ये प्रयोग झाले. धूर आणि मोठी मात्रा एकत्र आल्यावर त्यांच्या फुप्फुसाच्या पेशींत कॅन्सरकडे जाणारे बदल दिसले.

आता माझ्या ई जीवनसत्त्वाची गोष्ट. ते १९२२ साली बर्कलीत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांना सापडलं, उंदरांच्या माद्यांच्या गर्भारपणाचा अभ्यास करताना. त्याचं टोकोफेरॉल हे नाव ग्रीकमधलं, बाळंतपणावरून पडलेलं. बाळंतपणाचं द्रव्य म्हातारपणाच्या बाटलीत येऊन बसलं, हीही एक गंमतच. १९९३ साली अमेरिकेतल्या ८७,००० हून जास्त परिचारिकांच्या पाहणीत दिसलं, की हे जीवनसत्त्व घेणाऱ्या बायकांना हृदयविकार बराच कमी होतो. पुन्हा पाहणी, पुन्हा ओलं सरपण! मग २००० साली मूळचे केरळचे सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५५ वर्षांवरच्या ९,५४१ लोकांवर चाचणी झाली. रोज ४०० युनिट, म्हणजे माझीच गोळी, साडेचार वर्षं. फायदा शून्य. फिनलंडमध्ये या जीवनसत्त्वाने प्रोस्टेटचा कॅन्सर कमी झाल्यासारखं दिसलं होतं, म्हणून ३५,५३३ पुरुषांवर वेगळी चाचणी घेतली. २०११ साली कळलं, की तो कमी होत नाही, १७ टक्क्यांनी वाढतो.

२००७ मध्ये बेलाकोविच आणि सहकाऱ्यांनी ६८ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात २,३२,६०६ माणसं होती. त्यातल्या नीट काळजीने केलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर बीटा-कॅरोटीन, अ आणि ई घेणाऱ्यांत मृत्यू थोडे जास्तच निघाले. क जीवनसत्त्वाने मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही आणि कमी झाल्याचंही नाही. त्यावर आक्षेप घेतले गेले, की यातले बरेच लोक आधीच आजारी होते, मात्रा वेगवेगळ्या होत्या. आक्षेप रास्त आहेत. पण इतकं खोदूनही फायद्याचा झरा लागला नाही, ही गोष्ट उरतेच.

मग हार्मन चुकला का? रसायनशास्त्र चुकलं नाही. मुक्त मूलकं आहेत, ती डीएनएला, चरबीला इजा करतात, वयाबरोबर ही इजा साठते. फसलं ते तिथून गोळीपर्यंतचं अनुमान. हार्मनला स्वतःलाही खटकत होतं, की अँटिऑक्सिडंट दिलेले उंदीर सरासरी जास्त जगतात, पण सर्वांत दीर्घायुषी उंदराचं वय काही वाढत नाही. १९७२ साली त्याने तोड काढली, की खरी इजा पेशीच्या आतल्या मायटोकाँड्रियात होते आणि आपली द्रव्यं तिथवर पोचत नाहीत. मग २००९ साली उंदरांच्या शरीरातच असे पहारेकरी वाढवून पाहिले, तरी आयुष्य वाढलं नाही. एका सूक्ष्म कृमीतला मायटोकाँड्रियाचा पहारेकरी काढून टाकला, तर तो कृमी उलट जास्त जगला!

मुक्त मूलकं नुसती चोर नाहीत, शरीर त्यांना कामाला लावतं, हे सावकाश कळत गेलं. पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड मुद्दाम तयार करून जंतूंवर सोडतात. बर्नार्ड बेबियर यांनी ते १९७३ साली दाखवलं. ज्या मुलांच्या पेशींना जन्मतःच हे जमत नाही, त्यांना पुन्हा पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होतात. आणि छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी आपल्यातले काही जण खिशात घेऊन फिरतात. ती शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडते, त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात. नायट्रिक ऑक्साइड हे स्वतः एक मुक्त मूलक आहे. त्याचं काम शोधणाऱ्यांना १९९८ चं नोबेल मिळालं. म्हणजे माझ्या एका खिशात मुक्त मूलक मारणारी गोळी आणि दुसऱ्या खिशात मुक्त मूलक देणारी!

व्यायामाचंही तसंच. व्यायाम करताना मुक्त मूलकं वाढतात, आणि तोच स्नायूंना निरोप असतो, की तयारीला लागा. २००९ साली जर्मनीत मिखाएल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी सुमारे ४० तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. अर्ध्यांना क आणि ई जीवनसत्त्व भरपूर दिलं. व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारतं, ते गोळी न घेणाऱ्यांत सुधारलं. घेणाऱ्यांत नाही. कोपनहेगनमध्ये ६५ च्या आसपासच्या २७ पुरुषांवर अशीच चाचणी झाली, द्राक्षातल्या रेझव्हेरेट्रॉल या द्रव्याची. २०१३ साली निकाल आला, की व्यायामाचा हृदयाला होणारा फायदा त्या गोळीने बोथट केला. सकाळी टेकडी चढायची आणि घरी येऊन निरोप्यालाच गोळी घालायची, असा हा कारभार.

कुणी विचारेल, आपल्या च्यवनप्राशाचं काय? म्हाताऱ्या च्यवन ऋषीला अश्विनीकुमारांनी तरुण केलं, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर, हेही खरं. पण चरकाने ज्या अध्यायात हा अवलेह सांगितला, त्याच अध्यायात शरीरशुद्धी आहे, पथ्य आहे आणि आचाररसायनही आहे: खरं बोलणं, राग आवरणं, झोप-जागरणाचा मेळ. आपण त्यातली बरणी तेवढी उचलली आणि तिच्यावर अँटिऑक्सिडंटचं इंग्रजी लेबल चिकटवलं. ते लेबल कुठेही चिकटतं. कोणत्या पदार्थात अँटिऑक्सिडंटची ताकद किती, याचा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केला होता. कंपन्या त्यातले आकडे जाहिरातीला वापरू लागल्या. परीक्षानळीतल्या आकड्याचा शरीरातल्या परिणामाशी संबंध लागत नाही, म्हणून २०१२ साली खात्याने तो तक्ताच काढून टाकला.

एक अपवाद सांगितला नाही तर अन्याय होईल. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग झिजण्याचा विकार, मॅक्युलर डीजनरेशन, आपल्या वयात होतो. २००१ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत क, ई, बीटा-कॅरोटीन, जस्त आणि थोडं तांबं एकत्र दिलं. विकार मधल्या पायरीवर असलेल्यांत तो पुढे वाढण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. २०१३ मध्ये त्यातून बीटा-कॅरोटीन काढून ल्युटीन आणि झिअ‍ॅक्सँथिन घातलं, कारण सिगारेट ओढून सोडलेल्यांची काळजी होती. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून ही गोळी दिली असेल, तर माझं व्याख्यान ऐकून बंद करू नका. पण डोळे धड असलेल्याने आधीपासून घेऊन विकार टळतो, असं चाचणीत दिसलेलं नाही.

मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. आपल्या वयाची कितीतरी माणसं एकटी राहतात. एकट्यासाठी भाजी कोण निवडणार, कवळीने पेरू कसा चावणार, म्हणून संध्याकाळी चहा-बिस्किटांवर भागवतात आणि वर ती गोळी घेतात. गोळी घेतली म्हणून भाजी नसल्याचं काही वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते. त्यात शेकडो द्रव्यं आहेत, तंतू आहेत, आणि त्यातलं नेमकं कोण काय करतं ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. चाकवताची नाहीतर पालकाची पातळ भाजी, शिजवलेला लाल भोपळा, वाफवलेलं गाजर, किसलेला आवळा, हे कवळीलाही जमतं. फक्त रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेत असाल, तर पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू-घटवू नका, डॉक्टरांना विचारा. आणि त्या गोळीबरोबर ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

हे शेवटचं मुद्दाम सांगतोय. दवाखान्यात विचारतात, ‘सध्या काय काय घेता?’ आपण बीपीची सांगतो, साखरेची सांगतो. मुलीने आणलेली बाटली मी कधी सांगितली नव्हती. मला ते औषध वाटतच नव्हतं.

वेळ बरीच झाली. आता प्रश्न घेऊ.